समोर असताना

कुंभकोणमच्या घरातल्या तिण्णैवर, म्हणजे आपल्याकडच्या ओट्यावर, मी मावशीचा फोटो काढला तेव्हा ती ८१ वर्षांची होती. फोटो तिनेच काढायला सांगितला होता, आणि कशासाठी तेही आडपडदा न ठेवता सांगितले होते. तिच्या मागे भिंतीवर लावायला. सासूबाईंच्या शेजारची खुंटी रिकामीच आहे, असे ती म्हणाली.

मावशी लग्न होऊन पुण्याहून तिकडे गेली त्याला पन्नासहून जास्त वर्षे झाली होती. तिचे सासर तंजावरी मराठी. व्यंकोजीराजांच्या मागोमाग जी घराणी सतराव्या शतकापासून कावेरीकाठी वसत गेली, त्यांतले. बाहेर तमिळ आणि घरात एक जुनी, हेल बदललेली मराठी. मावशीने तिथे काय काय आपलेसे केले याची यादी मोठी होईल. इथे सांगायचे आहे ते तिच्या एका पापणीबद्दल. त्या फोटोच्या तीनेक वर्षे आधी तिच्या चेहऱ्याची एक बाजू लकव्याने गेली होती. औषधपाण्याने तोंड सरळ झाले, बोलणे स्वच्छ झाले, पण एका डोळ्याची पापणी अर्धी खाली आली ती तशीच राहिली. त्या डोळ्यातून पाणी यायचे. बोलता बोलता ती पदराने टिपायची.

फोटोच्या वेळी तिने विचारले, "हा डोळा कसा दिसतोय?"

मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहून खरे ते सांगितले. "थोडा मिटलेला दिसतोय. मान जरा वळवलीस तर सावलीत जाईल."

ती क्षणभर थांबली, मग म्हणाली, "असू दे." आणि समोर बघून बसली. मी बटण दाबले.

पुण्याला परतल्यावर एका रात्री मी तो फोटो संगणकावर उघडला. तिण्णै सावलीची, मागचा रस्ता उन्हाचा, त्यामुळे चेहरा काळवंडला होता. तो उजळला. मागे विजेची वायर लोंबत होती, ती काढली. कोपऱ्यात निळी प्लास्टिकची बादली होती, तीही काढली. मग हात थांबेना. दुसरा, उघडा डोळा उचलला, उलटा केला आणि मिटलेल्या डोळ्याच्या जागी बसवला. दहा मिनिटांचे काम. फाइल त्याच नावाने साठवली, म्हणजे आधीची पुसली गेली. प्रिंट काढून कुरिअरने पाठवून दिली. मावशीने फोनवर "पोचला, छान आहे" एवढेच म्हटले. अकरा महिन्यांनी ती गेली.

वर्षश्राद्धाला गेले तेव्हा फोटो सासूबाईंच्या शेजारी होता, चंदनाचा हार घातलेला. मी बराच वेळ बघत उभी राहिले. चेहरा प्रसन्न होता, तिचाच होता, आणि मला काही केल्या आठवेना की पापणी कोणत्या डोळ्याची पडली होती.

छायाचित्रणात जुना वाद आहे. एका बाजूचे म्हणतात, फोटो कॅमेऱ्यातच बरोबर आला पाहिजे. प्रकाश, अंतर, चौकट आणि क्षण यांचा निर्णय बटण दाबण्याआधी व्हावा, नंतर जे कराल ती मखलाशी. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, कॅमेऱ्यातून येतो तो कच्चा माल. खरे काम नंतरचे, मग ते अंधाऱ्या खोलीत असो की संगणकावर. पहिल्या बाजूला नैतिक तेज आहे. तिच्यात शिस्त आहे, संयम आहे. मीही अनेक वर्षे तिच्याच बाजूने बोलत आले. पण तिचा आधार तपासायला गेले की तो हलतो. ऑंरी कार्तिए-ब्रेसाँ फोटोची चौकट नंतर कापू नये या मताचा. तरी साँ-लाझार स्टेशनामागे डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्याचा १९३२ सालचा जगप्रसिद्ध फोटो कापलेला आहे, कारण बाजूला कुंपणाची फळी आली होती. ॲन्सेल ॲडम्सने हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र १९४१ साली टिपला आणि पुढची कित्येक वर्षे तो त्याच एका निगेटिव्हमधून अधिकाधिक काळे आकाश छापत राहिला. त्याला कुणी खोटारडे म्हटले नाही.

आणि कॅमेरा तरी कुठे निष्पाप असतो? रंगीत फिल्म बनवणाऱ्या कंपन्यांनी अनेक दशके गोऱ्या बाईचा चेहरा प्रमाण धरून रंग जुळवले. सावळ्या माणसाचा चेहरा त्या फिल्मवर कॅमेऱ्यातच बिघडायचा. आजचे कितीतरी फोन बटण दाबण्याआधीच त्वचा उजळवतात, सुरकुत्या पुसतात. कुंभकोणमच्या लग्नात अशा फोनने काढलेले फोटो पाहिले, तर सगळे वऱ्हाड दोन छटा गोरे झालेले असते. तिथे खरा रंग परत आणायचा तर नंतरच दुरुस्ती करावी लागते. म्हणजे 'आधीचे ते प्रामाणिक, नंतरचे ते अप्रामाणिक' हा हिशेब जुळत नाही. मग माझ्या मनाला जे टोचत होते ते नेमके काय होते?

याचे उत्तर मला कॅमेऱ्यापासून लांब, पण त्याच गावाच्या शेजारी सापडू लागले. कुंभकोणमहून जवळच स्वामीमलै आहे. तिथले स्थपती आजही मेणातून धातूच्या मूर्ती ओततात. या रीतीला जुने नाव मधूच्छिष्टविधान. मधूच्छिष्ट म्हणजे मेण. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या मानसोल्लासात तिचे वर्णन आहे. मेणात राळ आणि तेल घालून ते हाताला वळेल असे करतात, त्याची मूर्ती घडवतात, तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या मातीचे थर देतात. पहिला थर अगदी बारीक मातीचा, कारण त्यावर मेणाची प्रत्येक रेघ उमटायची असते. थर सावलीत वाळले की साचा तापवतात, मेण वितळून वाहून जाते, आणि त्याने सोडलेल्या पोकळीत तांबे मुख्य असलेला मिश्र धातू ओततात. मग साचा फोडायचा. एका साच्यातून एकच मूर्ती. ओतकाम फसले तर पुन्हा मेणापासून सुरुवात.

माझ्या वादाचे दोन्ही पक्ष इथे हजर होते. जाणकार सांगतात की चोळकाळातल्या उत्तम मूर्ती बहुतांशी मेणातच पूर्ण होत. धातूवर नंतरचे काम थोडके असे. आज नंतरचे काम पुष्कळ असते. मूर्ती साच्यातून ओबडधोबड निघते आणि दागिने, वस्त्रांच्या चुण्या, बोटांची पेरे छिन्नीने आणि कानशीने काढतात. हे ऐकल्यावर मी लगेच जुन्यांच्या बाजूने झाले. पण कारागिराचे काम बघत बसले तेव्हा दिसले की तिथे भांडणाचा मुद्दा वेगळाच आहे. त्याच्याजवळ नारळाच्या झावळीची एक पट्टी होती. मूर्तीच्या उंचीएवढी पट्टी घेऊन तिला ठरलेल्या घड्या घातल्या की चेहरा किती, मान किती, छातीपासून नाभीपर्यंत किती, हे सगळे त्या घड्यांत येते. मेण वळवताना माप त्या पट्टीवरून. हात मेणावर असो नाहीतर छिन्नीवर, त्याला विचारायला हाताबाहेरचे काहीतरी असते. डोळे तर मुद्दाम सगळ्यात शेवटी उघडतात. तेही नंतरचेच काम, पण त्याला कुणी मखलाशी म्हणत नाही.

फोटोग्राफरची घडीची पट्टी कोणती? समोरची वस्तू, समोरचा माणूस. तो समोर असतो तोवर माप हाताशी असते. आपण चुकलो तर डोळ्यांनी कळते. शिवाय माणूस मूर्तीसारखा गप्प नसतो, तो 'असू दे' किंवा 'असं नको' म्हणू शकतो. बटण दाबून घरी आलो की पट्टी मागे राहते आणि छिन्नी तेवढी हातात असते. कॅमेऱ्यात बरोबर घेण्याला जे मोल आहे ते तिथल्या शुद्धतेचे नव्हे, असे मला आता वाटते. तिथे निर्णय समोरच्याच्या हजेरीत होतो, हे ते मोल. नंतरच्या दुरुस्तीत धोका आहे तो ती नंतरची असते म्हणून नव्हे. ती एकट्याने केलेली असते म्हणून.

कुंभकोणमपासून सुमारे ४० किलोमीटरवर तंजावर. तिथे याच गोष्टीचे दुहेरी उदाहरण आहे, आणि तेही एकाच माणसाच्या हातचे. लिनियस ट्राइप हा मद्रासच्या फौजेतला अधिकारी पुढे मद्रास सरकारचा छायाचित्रकार झाला, आणि १८५८ साली त्याने तंजावरच्या बृहदीश्वराचे फोटो काढले. त्याची निगेटिव्ह कागदाची असे, आणि योगायोग असा की तो कागद पारदर्शक व्हावा म्हणून त्याला मेण दिलेले असे. त्या रसायनांना निळा रंग फार लवकर लागायचा. दगडी शिखर नीट उमटेपर्यंत आकाश कोरे पांढरे होऊन जायचे. ट्राइप मग निगेटिव्हच्या मागच्या बाजूला रंग लावून ढग रंगवायचा. छापील चित्रात देवळामागे सुंदर ढग दिसतात. त्या दिवशी ते ढग तिथे होते की नाही, हे चित्रावरून सांगता येत नाही.

त्याच दौऱ्यात त्याने आणखी एक गोष्ट केली. बृहदीश्वराच्या विमानाच्या जोत्यावर सभोवार तमिळ शिलालेख कोरलेला आहे. तो एका चौकटीत मावणे शक्य नव्हते. ट्राइपने तो तुकड्या-तुकड्याने टिपला आणि २१ छापे एकमेकांना जोडून जवळजवळ ६ मीटर लांबीचा पट केला. कॅमेऱ्याने असा पट कधी पाहिलेला नाही. डोळ्यालाही तो एका जागेवरून दिसत नाही. ही नंतरची दुरुस्ती ढगांपेक्षा कितीतरी मोठी. तरी ती खरी आहे, कारण प्रत्येक सांधा भिंतीला विचारून घातलेला आहे. भिंत तिथेच होती, आजही आहे. कुणीही जाऊन अक्षर अक्षराशी ताडून पाहावे. ढगांना असे कुणाला विचारणार?

ढगांनी कुणाचे काय बिघडले, असे कुणी म्हणेल. फारसे नाही. ट्राइपच्या बाजूने आणखी एक गोष्ट बोलते. त्याची निगेटिव्ह जपली गेली, म्हणूनच आज अभ्यासक ती उलटी धरून रंग कुठे लावला ते दाखवू शकतात. ढग खोटे असतील, पण ते खोटे आहेत हे कळायची वाट त्याने बुजवली नाही. मी बुजवली होती.

ही वाट बुजली की काय होते ते कुंभकोणमच्या सर्वांत प्रसिद्ध चेहऱ्यावर दिसते. सारंगपाणी सन्निधी रस्त्यावर, देवळाच्या अगदी वाटेवर, श्रीनिवास रामानुजन ज्या घरात वाढला ते लहानसे घर जपून ठेवले आहे. त्याचे फोटो फार थोडे. जगाला माहीत आहे तो मुख्यतः एक. १९१९ साली इंग्लंडहून परतताना पासपोर्टसाठी काढलेला. तो गेल्यावर बऱ्याच वर्षांनी हार्डीला त्याचा चांगला फोटो हवा होता. चंद्रशेखर १९३६ साली भारतात आले तेव्हा त्यांनी रामानुजनच्या पत्नी जानकीअम्मल यांना गाठले आणि त्यांच्याकडून हा फोटो मिळवला. त्यातला माणूस आजारी आहे. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, तो गेला. पासपोर्टचा फोटो काढणाऱ्याला चेहरा ओळखू येण्याशी मतलब. आजारपण झाकायची त्याला गरज वाटली नाही. म्हणून ते आपल्यापर्यंत आले.

आज हाच फोटो शेकडो रूपांत फिरतो. रंगवलेला, धारदार केलेला, गाल भरलेला, कांती उजळलेली. प्रत्येक रूप आधीच्या रूपावरून. यात कुणाचाच हेतू वाईट नाही. गावच्या थोर माणसाला तजेला द्यावा एवढीच इच्छा. पण गाल किती भरले म्हणजे पुरे, हे सांगणारे कुणी नाही. एकेकाळी होते. १९८० च्या दशकात जगभरच्या गणितज्ञांनी वर्गणी काढून पॉल ग्रॅनलंड या शिल्पकाराकडून, त्याच फोटोवरून, रामानुजनचा ब्राँझचा अर्धपुतळा करवला आणि त्याची एक प्रत जानकीअम्मलना दिली. त्या चेहऱ्याकडे बघून 'असा होता' किंवा 'असा नव्हता' म्हणू शकेल अशी व्यक्ती तेव्हा हयात होती. १९९४ साली त्याही गेल्या. त्यानंतर केलेली प्रत्येक दुरुस्ती पट्टीवाचून आहे. तिथे उरते ती एकच सभ्यता: मूळ फोटो हाताशी ठेवणे आणि दुरुस्तीला दुरुस्ती म्हणणे.

मी जे म्हणते आहे त्यात एक अडचण आहे आणि ती मला टाळायची नाही. समोर असण्याचाही जुलूम असतो. समोरचा माणूस लाजतो, ताठतो, 'गोरी दिसू दे' म्हणतो. हजेरीत घेतलेला निर्णय खराच असतो असे नाही. आणि मावशीचे 'असू दे' तरी काय होते? ती परवानगी होती, की 'आता काय करणार' असा सुस्कारा? कदाचित तिला पापणी झाकायचीच होती आणि मान वळवायचा तिला कंटाळा आला. कदाचित माझी ती दहा मिनिटे तिच्या मनासारखीच होती. फोनवर ती छान म्हणाली होती. तिने फोटो परत केला नाही.

हे सगळे खरे असू शकते. पण खरे आहे की नाही हे मी तिला विचारले नाही. एवढाच माझा अपराध, आणि तो लहान नाही. फोन करून 'मावशी, पापणी सरळ करू का?' म्हणायला अर्धे मिनिट लागले असते. विचारले नाही, कारण ती 'नको' म्हणाली असती तर मला ऐकावे लागले असते. संगणकासमोर तो 'नको' ऐकावा लागत नाही. चेहरा उजळला त्याचे मला आजही वाईट वाटत नाही. माझ्या डोळ्याला ती तशीच दिसली होती, काळवंडली होती ती कॅमेऱ्याला. वायरचेही नाही. बादलीबद्दल थोडे वाटते, कारण बादली तिची होती आणि सकाळी त्याच बादलीतून पाणी शिंपून ती दारात कोलम काढायची. पण या तिन्ही गोष्टी मी तिच्यासमोर बसूनही केल्या असत्या. पापणीला हात लावला नसता. या एका प्रश्नाने मी आता माझे फोटो तपासते: हा माणूस शेजारी खुर्ची ओढून बसला असता, तर मी हे केले असते का? बहुतेक वेळा उत्तर लगेच येते. येत नसेल तर फोन करायचा. आणि मूळ फाइल कधीही पुसायची नाही.

शेजारच्या फोटोची गोष्ट सांगायची राहिली. मावशीच्या सासूबाईंचा वेगळा काढलेला एकही फोटो नव्हता. त्या गेल्यावर कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून त्यांचा चेहरा कापून मोठा केला आणि गावातल्या स्टुडिओवाल्याने तो हाताने रंगवला. अंगावर जरीचा शालू घातला, गळ्यात दोन पदरी सर घातला. माझ्या पापणीच्या मानाने हे शंभरपट मोठे नाटक. पण त्या शालूने मला कधी अस्वस्थ केले नाही, आणि का ते त्या दिवशी भिंतीसमोर उभी असताना कळले. घरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मावशी हसत सांगायची, "सासूबाईंना असला शालू उभ्या जन्मात मिळाला नाही हो. हा स्टुडिओवाल्याने नेसवला." पन्नास वर्षे ती हे सांगत होती. शालू खोटा होता आणि त्याने कुणालाही फसवले नव्हते.

काका मागच्या आरामखुर्चीत बसले होते. मी त्यांना विचारले, पापणी कुठल्या डोळ्याची होती? त्यांनी उत्तर दिले नाही. हात उचलला आणि स्वतःचा डावा डोळा टिपला, ती पदराने टिपायची तसा. मग मी त्यांना सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. फोटो खाली काढायला सांगितला आणि पेन्सिल दिली. चौकटीच्या मागच्या पुठ्ठ्यावर मी तारीख घातली आणि लिहिले, "डाव्या डोळ्याची पापणी खाली होती. ती मी वर केली." खाली माझे नाव लिहिले.

काकांनी चष्मा लावून ते वाचले. फोटो पुन्हा खुंटीला लावून हार सारखा केला. "मागचं कोण वाचणार?" ते म्हणाले. "येणाऱ्याला मी सांगत जाईन."